प्रायोगिक घटक ‘पास’ कधी करायचा?



आपल्यापैकी बऱ्याच जणांचे शैक्षणिक ब्लॉग वर्डप्रेसवर आहेत. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो. त्यात मोठा बदल आणायची एक चांगली पद्धत आहे. नवा घटक आधी वेगळं प्लगइन म्हणून देतात. ज्याला हवं तो वापरून बघतो, चुका कळवतो. घटक पक्का झाला की तो सर्वांसाठीच्या स्थिर आवृत्तीत जातो. डिसेंबर २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत आलेलं डॅशबोर्डचं नवं रूप आधी असंच प्लगइन होतं.

पण घटक पक्का झाला हे कशावरून ठरवायचं? इथेच खरी गोम आहे.

गुटेनबर्गचंच बघा. ब्लॉक जोडून लेख तयार करायचा हा संपादक २०१७ मध्ये प्लगइन म्हणून आला. तो ५.० या आवृत्तीत नेण्यासाठी १९ नोव्हेंबर २०१८ ही तारीख ठरली. मग २७ नोव्हेंबर झाली आणि शेवटी ६ डिसेंबरला आवृत्ती आली. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध व्यक्तींना हा संपादक अवघड जाईल, असं सुलभतेचं काम पाहणारे स्वयंसेवक आधीपासून सांगत होते. त्या गटाच्या प्रमुखांनी तर ऑक्टोबरमध्येच पद सोडलं. तरी घटक ‘पास’ झाला.

काही जण म्हणतील, प्लगइन मोजकेच लोक वापरतात, खऱ्या चुका सगळ्यांच्या हातात गेल्यावरच कळतात. हे म्हणणं मला पटतं. पण मग जुनी वाट उघडी ठेवायला हवी. वर्डप्रेसने ती ठेवली, हे मान्य करायलाच हवं. जुना संपादक परत देणारं ‘क्लासिक एडिटर’ प्लगइन आजही ५० लाखांहून अधिक साइटवर सुरू आहे. लोकांना तिची किती गरज होती, हे यावरूनच कळतं.

द्रुपल या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची रीत मला जास्त आवडते. तिथे नवा घटक मूळ सॉफ्टवेअरसोबतच येतो, पण त्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का असतो आणि तो सुरू करताना इशारा मिळतो. शिक्का काढायचा तर चाचण्या, माहितीपुस्तिका, वेग, सुलभता अशा ठरलेल्या कसोट्या पार कराव्या लागतात. पानाची मांडणी करणारा ‘लेआउट बिल्डर’ मार्च २०१८ मध्ये ८.५ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आला आणि मे २०१९ मध्ये ८.७ मध्ये स्थिर झाला. म्हणजे वर्षभर थांबला.

माझं मत सरळ आहे. वर्गातला हुशार मुलगा वाचायला लागला म्हणून आपण ‘वर्गाला वाचता येतं’ असं लिहीत नाही, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही वाचायला लावतो. सॉफ्टवेअरचंही तसंच. अंध वापरकर्ता, जुना मोबाईल, गावातलं संथ नेट, देवनागरी टायपिंग, एवढ्यांवर घटक नीट चालला तरच तो स्थिर म्हणावा.

मग आपण काय करायचं? अपडेटचं बटण दाबण्याआधी ब्लॉगचा बॅकअप घ्या. जमलं तर नवीन घटक वेगळ्या चाचणी साइटवर वापरून बघा. जोडाक्षरं तुटली, मात्रा सरकली तर तक्रार नोंदवा. मराठीत टाईप करणारेच गप्प राहिले, तर मराठीची अडचण त्यांना कळणार कशी?