सांडपाण्याची सोय झाली, लेकरांची नाही

मला अर्धवेळ नोकरी हवी होती, असं माझ्या ओळखीतली सगळी माणसं धरून चालतात. मला ती नको होती. मी बी.कॉम. झाले आहे, टॅली येतं, जीएसटीची विवरणपत्रं भरता येतात. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या सरावलीत राहते आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन बिलं, चलनं आणि कामगारांची हजेरी बघते. काम पूर्ण वेळेचंच आहे. ते साडेचार तासांत बसवायचं आणि पगार अर्धा घ्यायचा, असा हा व्यवहार. मी तो पत्करला, कारण थोरला पाच वर्षांचा आहे, धाकटी दोनची, आणि या पट्ट्यात धाकटीला दिवसभर विश्वासाने ठेवता येईल अशी परवडणारी जागा मला मिळाली नाही. ज्या हजेरीपत्रकात मी रोज नावं लिहिते त्यात माझं स्वतःचं नाव नाही. माझा पगार व्हाउचरवर होतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी त्या कारखान्यात कामालाच नाही.

आणि तरीही माझं कौतुक होतं. घर बघते, मुलं बघते, वर नोकरीही करते, कसं जमतं गं बाई! आठ मार्चला हेच वाक्य माइकवरून ऐकायला मिळतं, सोबत गुलाबाचं फूल. या कौतुकाचा मला संताप येतो. ज्यांच्या एका सहीने पाळणाघर उघडू शकतं, तीच माणसं व्यासपीठावर बसून हे कौतुक करतात. मला ‘कसं जमतं’ म्हणून विचारू नका. जमत नाही. दर महिन्याला कुठे तरी काही तरी सुटतं: कधी पगार कापला जातो, कधी मुलीचा लसीचा डोस पुढे जातो, कधी मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला कोणीच जात नाही.

सकाळचं सांगते. नवरा एका कारखान्यात पाळीत आहे. दिवसपाळी असली की त्याचा डबा आधी, रात्रपाळी असली की तो सकाळी घरी येऊन झोपणार. एक खोली आणि स्वयंपाकघर मिळून आमचं घर, त्यात बाप झोपलेला असताना दोन वर्षांच्या मुलीने आवाज करायचा नाही, ही शिस्त मी तिला लावते आहे, आणि ती लावताना मला लाज वाटते. थोरल्याला शाळेच्या रिक्षात बसवायचं. धाकटीला दोन गल्ल्या सोडून एका मावशींकडे न्यायचं. त्या जिवाला जीव देणाऱ्या आहेत, पण त्यांच्या एका खोलीत वस्तीतली बरीच पोरं असतात, दार लावलेलं असतं आणि टीव्ही चालू असतो. त्या गावाला गेल्या की माझी बिनपगारी सुट्टी. माझ्या पगारातला तिसरा हिस्सा त्यांना जातो, पुढे शेअर रिक्षाचं भाडं. दोनला सुटले की मुलीला घ्यायचं, मुलाच्या रिक्षाला गाठायचं, आणि संध्याकाळी कारखान्यातून फोन येतो की ताई, एक ई-वे बिल तेवढं घरून काढून द्या. ते मी कणीक मळता मळता मोबाइलवर काढते. त्याचे पैसे नाहीत.

पण मी निदान टेबलावर बसते. आमच्या गल्लीतल्या बायका ठेकेदारामार्फत पॅकिंगला जातात, कपड्याच्या कारखान्यांत धागे कापायला जातात. कोणी उत्तर प्रदेशातून आलेली, कोणी खानदेशातून, कोणी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून. सासू-आई गावाला. त्यांच्यातल्या काही जणी लहान मुलांना आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात देतात आणि बाहेरून कडी लावून जातात. लावताना त्यांचा हात कसा होतो ते मी पाहिलं आहे. ही रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं मेली, दूरदूरची घरं हादरली. अशा ठिकाणी मूल कुलपाआड ठेवून आईला कामावर जावं लागतं, आणि जिल्ह्यात कोणालाही ते तातडीचं वाटत नाही.

कायदा नाही असं नाही. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, तिथे प्रशिक्षित बाई हवी, असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ द्यायचं, हेही त्यातच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या कामगार संहिता लागू केल्या, त्यांतही ५० चाच आकडा. हा आकडा तारापूरसारख्या ठिकाणी काय करतो ते बघा. इथे प्लॉटमागून प्लॉट लहान कारखाने आहेत. एकात वीस, एकात पस्तीस माणसं. जिथे जास्त आहेत तिथे निम्मी ठेकेदाराच्या वहीत, आणि वहीबाहेर माझ्यासारख्या व्हाउचरवाल्या. प्रत्येक प्लॉट वेगळा मोजला की बहुतेकांचे पन्नास भरत नाहीत. सगळी वसाहत एकत्र मोजली की हजारो माणसं. कायदा प्लॉट मोजतो, म्हणून पाळणाघर बहुतेकांच्या अंगावर येत नाही.

लहान कारखान्याला एकट्याने पाळणाघर परवडत नाही, हे उत्तर मला पाठ आहे. मी त्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे ते खरं आहे हेही मला ठाऊक आहे. पण याच वसाहतीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रसुद्धा कोणा एका लहान कारखान्याला परवडत नव्हतं. मग काय केलं? सामायिक केंद्र बांधलं. सगळ्यांनी वर्गणी भरायची, एका नळातून सगळ्यांचं पाणी न्यायचं, सरकारने मदत करायची. ते केंद्र नीट चालतं का, खाडीचं काय झालं, हा वेगळा आणि मोठा लेख आहे. माझा मुद्दा एवढाच की गरज पटली तेव्हा उद्योजक, औद्योगिक विकास महामंडळ आणि सरकार एकत्र बसले. अग्निशमन केंद्रही असंच सगळ्यांचं मिळून एक आहे. २०१७ च्या प्रसूती लाभाच्या दुरुस्तीत तर पाळणाघर स्वतंत्र किंवा सामायिक असू शकेल, असं लिहूनच ठेवलं आहे. वाट मोकळी आहे. रसायनं एकत्र गोळा करायला जी माणसं जमली, ती लेकरांसाठी जमत नाहीत, कारण लेकरांसाठी नोटीस येत नाही, दंड होत नाही आणि उत्पादन थांबत नाही. आम्ही आमचा अर्धा पगार सोडून ते उत्पादन चालू ठेवतो.

‘बायका टिकत नाहीत’ असं मालक म्हणतात. धाकटीच्या वेळी मी दुसऱ्या ठिकाणी होते. सातव्या महिन्यात मला सांगितलं गेलं की आता घरी आराम करा, बरं वाटलं की या. मी टिकले नाही. मला टिकू दिलं नाही. प्रसूतीच्या रजेचा हक्क या राज्याला नवा नाही. मुंबई प्रांताने १९२९ साली मातृत्व लाभाचा कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेतली होती आणि आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, असं मांडलं होतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली. मी राजीनामा लिहून दिला तेव्हा माझ्या हातात शेवटच्या महिन्याच्या पगाराशिवाय काही नव्हतं.

आता ‘मुलांना आईच लागते’ हे ऐकूया. हे माझ्या सासूबाई म्हणतात, आणि सभांमधून मोठी माणसंही म्हणतात. सासूबाईंना मी उलट बोलत नाही. मोठ्या माणसांना विचारते की सरावलीतली कामगारांची मुलं आईजवळ असतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं? ती टीव्हीसमोर असतात, शेजाऱ्यांच्या दारात असतात, नाही तर शाळा बुडवून घरी बसलेल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर असतात.

ही गोष्ट याच जिल्ह्यात फार पूर्वी कळलेली आहे. बोईसरहून गाडीत बसलं की वाणगाव, मग डहाणू रोड. त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं, हे या दोघींनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. तिच्या आईबापाला दोष दिला नाही. त्यांनी भावंडालाही शाळेत आणलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात. त्याला विकासवाडी म्हटलं. मूल येत नसेल तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि देशभर पसरलेली अंगणवाडीची कल्पना तिथली. पैसे नव्हते, रस्ते नव्हते, वीज नव्हती. आज आमच्याकडे तिन्ही आहेत, भोवती एवढे कारखाने आहेत, आणि कडेवर भावंड घेतलेली मुलगी माझ्या गल्लीत आहे. या दोघींच्या तसबिरींना हार घालणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि लोकप्रतिनिधीने याचं उत्तर द्यायला हवं.

अंगणवाडी आहे ना, म्हणाल. आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, खाऊन घरी येतात. तीन वर्षांखालच्या बाळाला शिधा मिळतो, जागा मिळत नाही. दुपारी एकला घरी आलेल्या मुलाची आई त्या वेळी पॅकिंगच्या टेबलाशी असते. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, तेही देशभर १७ हजार ठिकाणी. देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख. शंभरातल्या एकीच्या आसपास. आणि या अंगणवाड्या चालवणाऱ्या सेविकांना सरकार कर्मचारी मानत नाही, मानधन देतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. महाराष्ट्रात त्या ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस बाहेर राहिल्या. पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, एवढं सगळं करून ती सेवा ‘मानद’. बाईचं पूर्ण काम अर्ध्या दामात घ्यायचं, हे माझ्या कारखान्याने शोधून काढलेलं नाही. सरकार स्वतः तसं वागतं, मग खाजगी मालकाला कोण विचारणार?

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून वस्तीत येतात. मी त्या पैशांच्या विरोधात नाही. माझ्या शेजारणीच्या हातात पहिल्यांदाच तिचे स्वतःचे पैसे आले, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना मी समोर उभं करणार नाही. पण त्या पैशांनी तिच्या बाळाला सांभाळणारं माणूस मिळत नाही. बाळाला ठेवायला जागा असती तर तिने महिन्याला त्याच्या कितीतरी पट कमावले असते, आणि त्यासाठी तिला कोणाची बहीण व्हावं लागलं नसतं. ती कामगार म्हणून कमावती झाली असती.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, असं सांगतात. लहान मुलाच्या आईला आठवडा नसतो, तिला दिवस असतो. बारा तासांची पाळी म्हणजे जाण्यायेण्यासकट चौदा तास. पूर्ण वेळेची नोकरी चौदा तासांची झाली की आई तिच्यातून आपोआप बाहेर, आणि बाहेर पडलेल्या आईसाठी व्हाउचरवरचं अर्धं काम तयारच. बापही घराबाहेर चौदा तास. मग घरातलं कोण करणार हे कोणाला विचारायचीही गरज उरत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये बाईची २८९, पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाप पुढे सरकला नाही, मागे गेला. माझ्या नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी विश्रांती लागते, हे घरात सगळ्यांना न सांगता कळतं. माझ्या सुट्टीला गोधड्या धुवायच्या असतात. हे मी त्याला सांगितलं आहे, इथेही लिहिते, आणि तो हे वाचणार आहे.

मला काय हवं ते नेमकं सांगते. माणसं प्लॉटवार मोजणं बंद करा, औद्योगिक वसाहत हे एक आस्थापन धरा. महामंडळाकडे सुविधांसाठी भूखंड असतात. त्यातला एक पाळणाघराला द्या, आणि एक सरावलीच्या बाजूला, जिथे आम्ही राहतो. सांडपाण्यासारखीच प्रत्येक कारखान्याकडून वर्गणी घ्या, बायका कामाला असोत वा नसोत, कारण मुलं बापांचीही आहेत. ठेकेदाराची कामगार, व्हाउचरवरची कामगार, घरकाम करणारी, सगळ्यांच्या मुलांना दार उघडं ठेवा. तिथल्या सेविकांना मानधन नको, पगार द्या. सकाळच्या पाळीच्या अर्धा तास आधी ते उघडलं पाहिजे आणि संध्याकाळची पाळी सुटून शेवटची आई पोचेपर्यंत बंद होता कामा नये.