खाजवणारं पिल्लू आणि आपली तहारत

डिसेंबर उजाडला की वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, पिल्लू आणलंय, सारखं खाजवतंय. काय लावू?" तोवर घरातल्या मोठ्यांनी सल्ले देऊन टाकलेले असतात. कुणी म्हणतं रॉकेल लाव, कुणी गाडीचं जळकं ऑइल, कुणी फिनेलनं धुऊन काढायला सांगतं. शेवटचा सल्ला ठरलेला: "खरूज आहे, मैदानावर सोडून ये." या सगळ्यांनाच माझा विरोध आहे.

थंडीत आपली टाच फुटते, ओठ उलतात, तशीच पिल्लाची कातडीही कोरड्या हवेत सुकते, कोंडा पडतो, खाज सुटते. आपण मात्र 'घाण आहे' असं समजून दर दोन दिवसांनी साबण लावतो. साबणानं कातडीवरचं तेल जातं आणि खाज आणखी वाढते. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची तेवढी नसते; त्यामुळे आपला शॅम्पू त्याला मानवत नाही. शिवाय लहान पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही, ओलं झालं की ते गारठतं. रॉकेल, ऑइल, फिनेल तर विषच. पिल्लू अंग चाटतं, ते थेट पोटात जातं.

मग करायचं काय? थंडीत आंघोळ टाळा. मळलं असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. गार फरशीवर गोणपाट आणि त्यावर जुनी सतरंजी घाला. बारीक कंगवा फिरवून पिसवा, गोचीड आहेत का पाहा. कंगव्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर तांबूस डाग पडला, तर पिसवा आहेत असं समजा.

केस जाऊन चट्टे पडले, कानाच्या कडांवर नि कोपरांवर खपल्या धरल्या, पिल्लाला झोपही लागेना, तर घरगुती उपाय थांबवा. खरजेचा एक प्रकार माणसालाही काही काळ खाज देतो, दुसरा माणसाला लागत नाही. नुसत्या नजरेनं तो फरक कळत नाही. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मेडिकलमधून आयव्हरमेक्टिन आणून अंदाजानं देऊ नका. त्याची मात्रा वजनावर ठरते, आणि अगदी लहान पिल्लांना ते जिवावर बेतू शकतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, त्याच फेरीत रेबीजची लस कधी द्यायची तेही विचारा.

आता आपल्या घरांतला खरा अडसर: "कुत्रा नापाक, हात कसा लावायचा?" शौक म्हणून घरात कुत्रा पाळावा की नाही, हा मसला वेगळा आहे, तो आपापल्या आलिमांना विचारावा. हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोकणातले आपले शाफई भाऊ याबाबत अधिक काटेकोर, ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायला सांगतात. पण हुकूम धुण्याचा आहे. आजारी जनावराला हात लावू नका, असं त्यातून निघत नाही. औषध लावताना हातमोजे घाला, नंतर हात नि कपडे धुवा. तहारतही सांभाळली जाते, खरजेपासून बचावही होतो. तहानेनं व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही सहीह बुखारीतली हदीस आपण दर जलशात ऐकतो. खाजेनं रात्रभर कण्हणारा जीव त्या हदीसच्या बाहेरचा कसा?

पोरानं पिल्लू उचलून आणलं ते रहम आला म्हणून. आपण त्याच्यादेखत ते गारठ्यात सोडून आलो, तर घरात जे शिकवलं गेलं ते वर्गातल्या माझ्या कुठल्याच धड्यानं पुसता येणार नाही.