पाटीवर पूर्ण नाव

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आठवीत माझ्याकडे मराठी शिकलेला, आता चार्टर्ड अकाउंटंट झालेला. तालुक्याच्या गावी ऑफिस उघडतोय. त्याने मोबाइलवर पाटीचे दोन नमुने दाखवले. एकावर त्याचे पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे आणि पुढे ‘असोसिएट्स’. म्हणाला, “सर, अब्बा म्हणतात दुसरी लाव. नाव वाचूनच लोक जिन्यावरून परत जातील.”

त्याच्या अब्बांना मी भित्रे म्हणणार नाही. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्याबरोबर ‘कालच गेली हो’ हे ऐकलेल्या माणसाची ती भीती आहे. मीही ते ऐकले आहे. तरी मी त्याला पहिली पाटी लाव म्हणालो. का, ते इथे सांगतो.

कापड घेताना आपण ते बोटांत चोळून बघतो, आंबा हुंगून बघतो. हिशेबनिसाचे, वकिलाचे, डॉक्टरचे काम असे आधी बघता येत नाही. रिटर्न बरोबर भरले की नाही, हे नोटीस आल्यावर कळते. म्हणून अशा ठिकाणी लोक आधी माणूस बघतात. हा बोलतो कसा, माहीत नसेल तर तसे सांगतो का, दुसऱ्याच्या व्यवहाराच्या गोष्टी माझ्यासमोर करतो का? शिवाय या धंद्यात जाहिरातीची सोयही फारशी नाही. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या परिशिष्टात काम मागत फिरणे आणि जाहिरात करणे हे गैरवर्तन धरले आहे. नंतर काही सवलती मिळाल्या, पण मूळ बंधन तेच. वकिलांनाही असाच नियम आहे. मग उरते काय? पाटी, आणि पाटीमागचा माणूस.

आद्याक्षरांची पाटी वाचून आलेल्या माणसाला खुर्चीवर बसल्यावर नाव कळणारच आहे. आपले सगळे व्यवहार ज्याच्यासमोर उघडे करायचे, त्यानेच स्वतःचे नाव झाकले होते, हे त्याला कळले तर सुरुवातच खोटी होते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मराठीचा तास मिळाला तेव्हा काही पालकांनी भुवया उंचावल्या होत्या. पहिले वर्षभर मी अगदी पुस्तकी मराठी बोललो. घरातला एक शब्द तोंडातून निसटू नये म्हणून जपायचो. मुले ऐकत होती, पण जवळ येत नव्हती. एकदा कंटाळून मी फळ्यावर लिहिले: हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तारीख. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत कसे येऊन बसले ते सांगितले, आणि आमच्या घरी ते कसे उच्चारतात तेही. मुले हसली, मग एकेक जण आपल्या घरचे शब्द सांगू लागला. मी तिथून पुढे शिक्षक झालो. बी.एड.ची पदवी त्याआधीच खिशात होती.

मिरजेचे सतारमेकर बघा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांच्या आडनावालाच पिढ्यान्‌पिढ्या मान आहे. गवई जवारी लावून घ्यायला समोर बसतो, तेव्हा तो त्या कारागिराच्या कानावर विश्वास ठेवत असतो.

पण इथे आपल्याच लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. स्वतःला दाखवणे म्हणजे धर्माचे प्रदर्शन नव्हे. ‘आपला माणूस’ म्हणून आपण डोळे मिटून पैसे दिले आणि हलाल नफ्याच्या नावाखाली ठेवी बुडवणाऱ्यांनी आपल्याच विधवांचे, पेन्शनरांचे संसार धुऊन नेले, हे आपण पाहिले आहे. दाढी, टोपी, तोंडात ‘इन्शाअल्लाह’: तेही व्यक्तिमत्त्वच दाखवत होते, पण मुखवटा म्हणून.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक पैगंबरीच्या आधीपासून ‘अल्-अमीन’ म्हणत. हजरत खदीजांनी आपला व्यापार त्यांच्या हाती दिला तो त्या सचोटीवर. बाजारातला तो प्रसंगही सगळ्यांना ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर आत ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. मला वाटते, व्यवसायात स्वतःला दाखवणे म्हणजे हेच. ओले वर ठेवणे. ‘हे काम मला येत नाही, अमक्याकडे जा’ असे सांगणारा सीए मी जन्मभर सोडणार नाही, मग त्याचे नाव काहीही असो.

अर्थात त्याला मी हेही म्हणालो, की मला एक तारखेला पगार मिळतो, ऑफिसचे भाडे तुला भरायचे आहे. तेव्हा निर्णय तुझा.

परवा त्याने फोटो पाठवला. पूर्ण नाव, मराठीत, मोठ्या अक्षरांत. ते वाचून किती जण परत गेले हे कळायला मार्ग नाही. पण जे जिना चढून आले, ते नाव वाचून आले.