शकुंतला आणि दिल्लीचा दुष्यंत

अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वे तोट्यात होती म्हणून ती थांबली, असे आता सर्रास सांगितले जाते. हा युक्तिवाद तपासल्याविना स्वीकारणे म्हणजे राज्यकर्त्यांच्या खतावणीलाच अर्थशास्त्र समजणे होय.

या मार्गाचा जन्मच बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा अरुंद मार्ग उभारला, तो वऱ्हाडी शेतकऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. कापूस मूर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, हा त्यामागचा हेतू. त्याच मँचेस्टरमध्ये 1921 साली घडवलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत या रुळांवर राबले. 1951 मध्ये देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण व एकत्रीकरण झाले. हा मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकारी रेल्वे करारान्वये त्यावर गाड्या चालवीत राहिली. मालकी एकाची, चालविण्याचे काम दुसऱ्याचे; मग रूळ कोणी बदलायचे? कोणीच बदलले नाहीत. गाडीची गती ताशी वीसेक किलोमीटरवर आली. दर्यापूर, अंजनगाव ओलांडून सुमारे 76 किलोमीटरचे अंतर कापायला चार तास लागू लागले. आधी उपाशी ठेवायचे आणि मग दुबळेपणाचा दाखला द्यायचा, अशी ही रीत आहे.

तोटा कोणाचा, हाही प्रश्न विचारला पाहिजे. गाडीचे भाडे एस.टी.च्या भाड्याचा एक अंश होते. गाडी बंद झाल्याने तो खर्च नाहीसा झाला नाही. तो रेल्वेच्या वहीतून निघून शेतमजुराच्या, विद्यार्थ्याच्या आणि बाजाराला जाणाऱ्या बाईच्या खिशावर पडला. सार्वजनिक सेवेच्या ताळेबंदात ही रक्कम कोणत्या रकान्यात मांडली आहे?

याबाबतीत पोर्तुगालचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथे 1975 मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तरीही 2009 मध्ये डोंगराळ उत्तर भागातील कोर्गो व तामेगा हे अरुंद मार्ग सुरक्षेचे कारण देऊन, सुधारणा करू असे आश्वासन देऊन बंद करण्यात आले. रूळ उखडले गेले; गाडी परतली नाही. ‘दुरुस्तीसाठी बंद’ हे शब्द कायमच्या बंदीचे सभ्य नाव ठरू शकतात, हा त्याचा धडा. केवळ राष्ट्रीयीकरणाने सेवा टिकत नाही. तिच्यामागे संघटित जनतेचा रेटा लागतो.

वऱ्हाडातही 2016 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात सुमारे 1,500 कोटी रुपयांच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. गाड्या थांबल्या, नवी गाडी मात्र अचलपूरच्या फलाटावर आलेली नाही. पैसा आणि तंत्रज्ञान नाही, असे म्हणावे, तर शेजारचाच अकोला–अकोट मार्ग 2017 मध्ये बंद होऊन रुंद झाला आणि तेथे गाडी धावू लागली. म्हणजे उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

शकुंतलेचे संग्रहालय करा, पर्यटकांसाठी एक डबा सजवा, असे सुचविणारे सज्जन आहेत. त्यांच्या हळवेपणाबद्दल आदर बाळगूनही सांगितले पाहिजे की, अंजनगावच्या कष्टकऱ्याला स्मारक नको आहे. त्याला वेळेवर येणारी आणि परवडणारी गाडी हवी आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणून तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. कंपनीच्या मालकीचा प्रश्न कायमचा निकालात काढून मार्ग जनतेच्या नावे व्हावा. रुंदीकरणाचे तारीखवार वेळापत्रक जाहीर व्हावे. आणि साध्या पॅसेंजर गाडीचे भाडे मजुराच्या रोजीशी जुळणारे असावे. पुराणातल्या दुष्यंताला अंगठी पाहून विसरलेले वचन आठवले. दिल्लीच्या दुष्यंताला ते आठवण्यासाठी वऱ्हाडच्या जनतेलाच मूर्तिजापूरच्या फलाटावर जमावे लागेल.