मुक्या प्राण्यांचा छळ व पोलिसांचें दप्तर

शिक्षकाजवळ हजेरीपटाखेरीज आणखी एक वही असते. तींत मुलांच्या अपराधांची नोंद असते. एखादा मुलगा आज एका शिक्षकाच्या तासाला अपराध करतो, उद्यां दुसऱ्याच्या. आणि प्रत्येकास वाटतें कीं, हा याचा पहिलाच अपराध. सर्वांनीं एकाच वहींत लिहिलें म्हणजे खरा प्रकार ध्यानांत येतो व मुलगा पुरता बिघडण्यापूर्वीं सुधारतां येतो. मुक्या प्राण्यांचा छळ करणाऱ्यांविषयीं राज्यानेंही अशीच एक सामायिक वही ठेवावी, असें माझें मत आहे.

अमेरिकेंत हा गुन्हा पूर्वीं राष्ट्रीय नोंदींत ‘बाकीचे सर्व गुन्हे’ या सदरांत बुडून जात असे. जानेवारी २०१६ पासून एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपासखात्यानें त्यास स्वतंत्र सदर दिलें व त्याचे चार प्रकार पाडले: उपासमार व हयगय, बुद्धिपुरस्सर छळ, आणि पैजेसाठीं झुंजी लावणें हे तीन, चौथ्याचें नांव या पानांवर न लिहिलेलें बरें. या नोंदींत अपराध्याचें नांव नसतें. परंतु गुन्हा कोठें व केव्हां घडला, करणाऱ्याचें वय काय, त्याच प्रसंगीं दुसरा कोणता गुन्हा झाला, हें कळतें. त्याच वर्षीं टेनेसी संस्थानानें याच्याही पुढें जाऊन, दोषी ठरलेल्यांचीं नांवें व छायाचित्रें सर्वांस पाहतां येतील अशी यादी सुरू केली.

कोणी म्हणेल, कुत्र्यामांजरांसाठीं एवढा खटाटोप कशाला? विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानें १७५१ सालीं याचें उत्तर चार चित्रांत दिलें आहे. पहिल्या चित्रांत कुत्र्याचे हाल करणारा मुलगा दुसऱ्यांत घोड्यास झोडपतो, तिसऱ्यांत खून करतो, आणि चौथ्यांत त्याचें प्रेत शवच्छेदनाच्या मेजावर पडलेलें दिसतें. चतुराचे पंख उपटणारें प्रत्येक मूल खुनी होत नाहीं, हें खरें. तथापि ज्या घरांत मुक्या जनावरास निर्दय मार बसतो, त्या घरांतील बायकामुलांचीही विचारपूस करावी, इतका शहाणपणा नोंदीनें पोलिसांस खास येईल.

आपल्या देशाचा १९६० सालचा कायदा पाहा. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आंत पुन्हां अपराध केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. दंड हास्यास्पद आहे, हें उघड आहे. परंतु दुसरा अपराध दुसरा आहे हें ठरवावयास पहिल्याची आठवण कोणास तरी हवी ना? समजा, साताऱ्यास एका गाडीवानानें दंड भरला व पुढील वर्षीं पुण्यास पुन्हां बैलाच्या अंगांत आर खुपसली. नोंद नसेल तर तेथें तो निरपराध्यासारखा नवाच ठरेल. पोलीस ठाणीं संगणकानें एकमेकांस जोडण्याची योजना २००९ सालीं मंजूर झाली. साधन आहे, त्यांत अशा प्रत्येक दोषसिद्धीची नोंद आग्रहपूर्वक झाली पाहिजे.

मात्र टेनेसीप्रमाणें नांवें चव्हाट्यावर मांडणें मला पसंत नाहीं. ज्याच्या कपाळीं जन्माचा डाग बसला, त्यास सुधारण्याचें कारणच उरत नाहीं. दप्तर पोलिसांनीं, न्यायाधीशांनीं व प्राणी पाळावयास देणाऱ्या संस्थांनीं पाहावें. ठराविक मुदतीनंतर नांव काढून टाकावें. आणि मुलांचीं नांवें त्यांत मुळींच नसावींत.

मुलांसाठीं आईबाप व शाळा आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें दिवाळींत कुत्र्याच्या शेपटीस फटाक्यांची माळ बांधली. मीं त्याचें नांव वहींत लिहिलें, आणि भाजलेल्या जागेस रोज मलम लावण्याचें काम त्याच्याकडेच दिलें. पहिल्या दिवशीं कुत्रें त्यास पाहून पळालें, तो रडला. महिनाभरानें तें त्याच्यामागून शाळेच्या फाटकापर्यंत येऊं लागलें. त्या नांवापुढें तसा शेरा मला पुन्हां लिहावा लागला नाहीं. पालकहो, तुमच्या मुलाचें नांव सरकारी दप्तरांत कधींही न जावें, अशी इच्छा असेल, तर त्याचा पहिला दगड कोणत्या मुक्या जिवावर पडतो, तिकडे लक्ष द्या.