आरोप, निकाल आणि बुलडोझर एकाच हातात नको

"सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, मग बुलडोझर थांबला का?" नागपूरच्या घटनेनंतर हा प्रश्न मी तरुण मित्रांकडून अनेकदा ऐकला. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं: "सगळे आतून एकच आहेत." पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरं वाक्य मला मान्य नाही, कारण ते मान्य केलं की आपल्याला करण्यासारखं काहीच उरत नाही.

आधी निकाल काय होता ते नीट पाहू. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितलं की, एखादा माणूस आरोपी आहे म्हणून, किंवा दोषी ठरला आहे म्हणूनसुद्धा, प्रशासन त्याचं घर पाडू शकत नाही. दोषी कोण हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे, ते प्रशासनाने आपल्याकडे घ्यायचं नाही. शिवाय घरात आरोपी एकटा राहत नसतो. आई, बायको, मुलं यांनी कोणता गुन्हा केला?

कायदेमंडळाने कायदा करायचा, सरकारने तो राबवायचा आणि न्यायालयाने निवाडा करायचा, हे आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं. पण ही वाटणी कशासाठी, ते बुलडोझर दारात आल्यावर कळतं. पोलीस म्हणतात हा दंगलखोर, महापालिका म्हणते बांधकाम बेकायदा, आणि संध्याकाळपर्यंत घर जमीनदोस्त. आरोप करणारा, निकाल देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचा कारभार आणि फौजदारी न्यायदान एकाच कचेरीत एकवटलेलं असे. ते वेगळं करण्यासाठी राज्यघटनेत अनुच्छेद ५० आला. तरी फौजदारी न्यायदंडाधिकारी देशभर प्रशासनापासून वेगळे व्हायला १९७३ चा फौजदारी प्रक्रिया कायदा यावा लागला. म्हणजे ही वाटणी आपोआप झालेली नाही. ती मागून, भांडून मिळवावी लागली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ज्याने कोड लिहिला त्यानेच तो मंजूर करायचा नाही, असा नियम असतो. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. दुसरा नियम, कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप व्हायला हवी आणि ती मागाहून खोडता येऊ नये. त्यामुळे या निकालातली एक बारीक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. नोटीस बजावली की तिची माहिती ईमेलने जिल्हाधिकारी कार्यालयाला गेली पाहिजे आणि तिथून पोचपावती आपोआप आली पाहिजे. का? तर घर पाडून झाल्यावर मागची तारीख टाकून नोटीस तयार करता येऊ नये.

बाकीचे निर्देशही असेच नेमके आहेत. नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यायची आणि बांधकामावरही चिकटवायची. उत्तराला किमान १५ दिवस. प्रत्यक्ष सुनावणी आणि तिचं इतिवृत्त. कारणांसह लेखी आदेश. आदेशानंतर आणखी १५ दिवस. पाडकामाचं चित्रीकरण. नोटिसा, उत्तरं आणि आदेश पाहता येतील असं पोर्टल. नियम मोडले तर अवमानाची कारवाई आणि अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. बेकायदा बांधकाम या निकालाने कायदेशीर होत नाही.

आता नागपूर. १७ मार्च २०२५ रोजी तिथे हिंसाचार झाला आणि २४ मार्चला आरोपींच्या घरांवर बुलडोझर गेला. मधल्या आठवड्यात १५ दिवसांची मुदत बसणार कुठे? हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोपर्यंत एक घर पडलं होतं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. सुप्रीम कोर्टाचे निर्देश अधिकाऱ्यांना माहीत नव्हते, असं कारण दिलं. सामान्य माणसाला "मला कायदा माहीत नव्हता" म्हणून सुटता येत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली होती आणि तेव्हापासून तिथे प्रशासक होता. सभागृहात उठून आयुक्तांना जाब विचारेल असा एकही निवडून आलेला नगरसेवक त्या दिवशी नव्हता. सगळा भार न्यायालयावर पडला. आणि न्यायालय उशिरा येतं. जहांगीरपुरीत बुलडोझर फिरला एप्रिल २०२२ मध्ये, हे निर्देश आले अडीच वर्षांनी. तेही अनुच्छेद १४२ खाली न्यायालयाला स्वतः घालून द्यावे लागले. असे नियम करणं खरं तर विधिमंडळांचं काम. ते त्यांनी केलं नाही, हाही अंकुश सुटल्याचाच प्रकार.

पण बोट फक्त सरकारकडे नको. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या बलात्कार प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्यातल्याही अनेकांनी ते व्हिडिओ अभिमानाने पुढे पाठवले. नंतर सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने म्हटलं की, पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या. नकोशा माणसासाठी झटपट न्याय मान्य केला, तर तोच न्याय आपल्या दारात आल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

मग करायचं काय? आपल्या महापालिकेने पोर्टल सुरू केलं का, जिल्हाधिकाऱ्यांनी नोडल अधिकारी नेमला का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. आमदाराला हाच प्रश्न विधानसभेत मांडायला सांगा. मोहल्ल्यात घरपट्टीच्या पावत्या, खरेदीखत आणि मंजूर नकाशे यांच्या प्रती काढून ठेवा. नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा, पोच घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

यातलं एकही काम मोर्च्याइतकं दणक्याचं नाही. पण नागपुरात दुसरं घर वाचलं ते कोणीतरी वेळेत अर्ज घेऊन कोर्टात उभं राहिलं म्हणून. अंकुश घटनेत लिहिलेला आहे. तो दर वेळी कुणीतरी हातात घ्यावा लागतो.