गाडीला जागा आहे, आजीला का नाही?

"सिस्टर, चाला म्हनता, पन दम लागला तं बसाव कुठी?" शुगर तपासायला आलेल्या एका आजीचा हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हीही नोकरीत असताना रोज तेच सांगायचो. पण गुडघे दुखणारे म्हातारे, दमेकरी, गरोदर बाई वाटेत टेकल्याशिवाय बाजारापर्यंत पोहोचत नाहीत. टेकायला जागा नसली की माणूस घराबाहेर निघणेच सोडतो. मग साखर वाढते, सांधे आखडतात आणि खाट धरावी लागते.

खामगाव, मलकापूर, चिखली, कुठलाही बाजाररस्ता पाहा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. एका कारला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दोन बाके आणि एक कडुनिंब बसतो, आठ-दहा माणसे सावलीत विसावतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या काही तरुणांनी २००५ साली पार्किंगचे भाडे भरून एका गाडीच्या जागेवर दोन तास हिरवळ, बाक आणि झाड ठेवले. पुढे त्या शहराने अशा बैठकांना रीतसर परवानगी दिली. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसायची सोय झाली. मग आमच्या जिल्ह्यात का नको?

"दारुडे बसतील," असे कोणी म्हणेल. म्हणून बाक उजेडात, वर्दळीच्या ठिकाणी हवे. आणि त्यासाठी भाजीवाल्या बाईची गाडी हटवू नये. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना संरक्षण दिले आहे, आणि ती जवळ असली तर बाकावर बसणाऱ्या बाईलाही धीर वाटतो.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेब केवळ पाण्यासाठी गेले नव्हते, सार्वजनिक जागेवरच्या समान हक्कासाठी गेले होते. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांच्या जोडीला रस्तेही आहेत. गाडीवाल्याला दिवसभर फुकट जागा आणि पायी चालणाऱ्याला टेकायला हातभर जागा नाही, याला समता कशी म्हणायची?

पण बोट दाखवण्याआधी आपले अंगण पाहू. आपल्या विहारासमोर कोणाच्या मोटारसायकली उभ्या असतात? आपल्याच पोरांच्या. वंदनेला आलेली म्हातारी त्यांच्या फटीतून वाट काढते. या महिन्यात चार गाड्यांची जागा मोकळी करून तिथे एक बाक ठेवू या. मग नगर परिषदेकडे सह्यांचा अर्ज देऊ: दवाखान्याचे फाटक, रेशन दुकान आणि बसथांबा, या तीन ठिकाणी सावलीसह बाके द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

"चाला" म्हणणे सोपे आहे. आजीला बसायला जागा दिल्यावरच तो सल्ला पुरा होईल.